गणपतरावांची डबल बेल

गणपतराव गावडे एसटीतनं रिटायर झाले आणि फुलेवाडीतल्या त्यांच्या घराला चाकं फुटली. कपाट आज ह्या भिंतीला दिसलं तर उद्या त्या भिंतीला. कॉट दारातनं खिडकीत, खिडकीतनं परत दारात. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, तसला प्रकार. घरातल्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं, मग शेजाऱ्यांच्या बिजागऱ्यांना घालून झालं, आणि तरी दिवस उरायचा. मग स्कूटरला किक मारून गडी थेट कोल्हापूर स्टँडावर.

तिथं काय करायचे? रिव्हर्स येणाऱ्या गाड्यांच्या मागं उभं राहून हात हलवायचे. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बाऽस!" कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. पहिला महिनाभर पोरं-ड्रायव्हर मान देऊन हसली. नंतर एकानं खिडकीतनं डोकं काढून तोंडावर सांगितलं, "आण्णा, आता घरला जावा की! आमाला आरशात गाडी दिसती का तुमीच दिसताईसा!"

गणपतराव घरी आले, चहा न घेता अंगणात येरझाऱ्या घालायला लागले. त्यांच्या बायकोनं दारातनं बघितलं. ह्या बाईला पोरगं आक्का म्हणायचं, म्हणून सगळी गल्ली आक्का म्हणायची. गणपतराव काहीच म्हणायचे नाहीत. 'ऐकलंस का' एवढ्यावर त्यांचा सगळा संसार झाला होता.

"नवरा न्हाय, भिंगरी आणून ठेवलीया घरात," आक्का म्हणाली. "बसा की जरा! पायाला मुंग्या चावाल्यात का?"

खरं सांगायचं तर चावतच होत्या. त्या पायांचा तरी काय दोष? चंदगडाकडच्या डोंगरात, चार महिने पाऊस खाणाऱ्या वाडीत जन्म. ओढ्याला पाणी आलं की एसटी बंद, आणि एसटी बंद म्हणजे जग बंद. पाणी उतरून लाल गाडी परत दिसली की छोटा गणपा अनवाणी तिच्या मागं धावायचा. पुढं तोच त्या गाडीच्या पुढच्या सीटवर बसला आणि तेहतीस वर्षं उठलाच नाही. जेवण वेळेत नाही, सण घरात नाही, लेकाचं बारसं चुकलं, पण गाडी वेळेत. डेपोत कुणाला विचारा, गावड्यांची गाडी कधी लेट म्हणून ऐकली नव्हती.

त्यांचा जोडीदार कंडक्टर बाळासो. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात गणपतराव सारखे मागं वळून बघायला लागले, कोण चढलं, कोण राहिलं, म्हातारी दारात तर नाही ना. तेव्हा बाळासोनं त्यांना झापलं होतं. "गणपा, तू रस्ता बघ. माणसं मी बघतो. एक बेल दिली की थांबायचं, दोन दिल्या की निघायचं. मागं बघायचं न्हाय." ते वाक्य गणपतरावांनी असं गाठीला बांधलं की काही विचारू नका. डबल बेल पडली की पाय आपोआप क्लचवर. मागं काय राहिलं, कोण राहिलं, ते कंडक्टर बघंल. घरीसुद्धा हेच. पोराची शाळा, म्हाताऱ्यांची आजारपणं, लग्नकार्यं, सगळी माणसं आक्कानं बघितली. ह्यांनी रस्ता बघितला.

दिवाळीला पोरगं पुण्यासनं आलं. सम्राट त्याचं नाव. बरोबर बायको क्रांती आणि दारात नवीकोरी सात सीटची गाडी. फराळाच्या ताटावर सम्राट म्हणाला, "आण्णा, थंडीत कच्छला जाऊया. गाडी घेऊन, आपण चौघंच. पांढरं मिठाचं वाळवंट बघायचं, मग ती दगडातली कॅनियन, आणि शेवटी समुद्र. मांडवीचा बीच."

"कॅनियन म्हंजे?" आक्कानं विचारलं.

"घळ गं. नदीनं दगड कापून केलेली."

आक्कानं चकलीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, "मांडवी? परत मांडवीच? ह्या खेपंला तरी खरा समुद्र हाय न्हवं?"

सम्राट हसला, क्रांती हसली. गणपतरावांनी मात्र चिवड्यातले शेंगदाणे वेचायला घेतले.

त्याचं असं झालं होतं. गणपतराव अकरा वर्षं कोल्हापूर-पणजी गाडीवर होते. लग्न झाल्यापासनं आक्काचं एकच मागणं. डागिना नको, शालू नको, मला समुद्र दाखवा. दरवर्षी घरच्यांचा फुकट पास निघायचा आणि दरवर्षी वाया जायचा. शेवटी एकदा ती हट्टानं गाडीत बसली. आंबोलीच्या घाटात धुकं लागलं, दरड काढायला वेळ गेला, आणि गाडी पणजीत पोचेस्तोवर परतीची वेळ झाली. गणपतरावांची गाडी आणि लेट? छे! मांडवी नदीच्या पुलावर त्यांनी गाडी जरा हळू केली आणि मागं ओरडून सांगितलं, "ऐकलंस का, त्यो बघ समुद्र!" आक्कानं खिडकीतनं हात जोडले. सम्राट भूगोल शिकून मोठा होईपर्यंत ती बाई गल्लीत सगळ्यांना सांगत होती, मी समुद्र बघितलाय, त्याच्यावर पूल हाय म्हणून. पोरानं नकाशावर बोट ठेवून नदी दाखवली तेव्हा आक्का एवढंच म्हणाली, "व्हय का?" आणि भाकरी थापायला गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडली नाही, म्हणून ते गणपतरावांच्या घशात काट्यासारखं अडकून बसलं.

तर निघाले चौघं. दोन दिवस नुसता रस्ता. सम्राट चालवायचा आणि शेजारी बसून गणपतराव पायाखालचं मॅट दाबायचे.

"ब्रेक! ब्रेक लाव की!"

"आण्णा, त्यो ट्रक लई लांब हाय."

"लांबचाच जवळ येतोय न्हवं?"

मोबाईलमधली बाई रस्ता सांगायला लागली तर तिच्यावरही उखडले. "कोण ही? हिचं लायसन कुठलं? म्हणं उजवीकडं वळा! हितनं वळायला हिच्या बानं रस्ता बांधलाय का?" सुरत यायच्या आत क्रांतीनं कानात बोंडं घातली. आक्का सगळ्यात मागच्या सीटवर, अंथरुणाच्या वळकटीला टेकून, शाल पांघरून बसलेली. खड्डा आला की तिथनं आवाज यायचा, "हळू वो." गाडी कुणीही चालवो, सांगायचं गणपतरावांनाच.

भुजच्या पुढं रस्ता असा सरळ झाला की गणपतरावांना करमेना. घाटात जन्मलेला माणूस तो. "वळण न्हाय, चढ न्हाय, हे काय इस्त्री केल्यालं धोतर हाय का रस्ता?" समोरनं उंटाची गाडी आली तर काच खाली करून ओरडले, "ओ पावणं! ह्याला ब्रेक कुठं असतोय?" पावण्यानं काही न कळून हात वर करून रामराम केला.

आणि मग ते रण. जमीन पांढरी, लांबवर पांढरी, आभाळाला भिडली तरी पांढरीच. आक्का चपला काढून उभी राहिली. वाकून चिमूटभर उचललं, जिभेवर ठेवलं, आणि पोरीसारखी हसली. "अगं बया! मीठच हाय की!" क्रांतीनं फोटो काढला. गणपतराव घड्याळ बघत होते. "बघून झालं न्हवं? दोन्ही बाजूला सारखंच हाय. चला."

सम्राट उलटा चालत व्हिडिओ काढत होता. मिठाचा पापुद्रा फुटला, पाय घोट्यापर्यंत चिखलात गेला, आणि पोरगं आडवं झालं. घोटा भाकरीसारखा टम्म फुगला. भुजच्या डॉक्टरनं पट्टा बांधला आणि गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं.

पोराचा पाय मुरगळला ह्याचं गणपतरावांना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण लॉजसमोर किल्ली त्यांच्या हातात पडली तेव्हा त्यांचा चेहरा बघायला पाहिजे होता. सीट मागं घेतली, आरसे हलवले, स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला. सम्राट मधल्या सीटवर पाय लांब करून पडला, क्रांती पुढं बसली.

"मामा, बेल्ट," क्रांती म्हणाली. सासऱ्याला ती मामा म्हणायची आणि सासूला आत्या.

"लावला. आता बेल कोण देणार?"

"कसली बेल?"

"बेलबिगार गाडी हलती व्हय?"

मागनं आक्कानं भाकरीचा स्टीलचा डबा मांडीवर घेतला आणि हातातली पाटली झाकणावर दोनदा आपटली. टण्, टण्. गाडी सुटली. महिनोन् महिने वळवळणारे ते पाय पहिल्यांदा गप झाले. गणपतराव गुणगुणायला लागले, आणि गाडीत सगळ्यांना हायसं वाटलं.

हायसं वाटणं फार टिकलं नाही. त्यांनी सहलीची एसटीची फेरी करून टाकली. "गाडी धा मिनिटं थांबंल!" देऊळ असो, टेकडी असो, चहाची टपरी असो. आक्काची बशी अजून ओठाला लागतीय तोवर गाडी चालू. "बेल दे! बेल दे लवकर!" आणि ती बिचारी बशी ठेवून टण् टण् करायची. क्रांती एकदा म्हणाली, "मामा, आपल्याला कुठं हजेरी द्यायची आहे का?" गणपतराव म्हणाले, "उशीर हुतोय." कशाला उशीर होतोय, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

घळीचा रस्ता कच्चा होता, दगडधोंड्यांचा. त्यावर गणपतरावांनी गाडी अशी अलगद नेली की झोपलेल्या सम्राटाची कूस बदलली नाही. खाली उतरून बघावं तर काय! तांबडे, पिवळे, करडे दगड थरावर थर, पाण्यानं घासून गुळगुळीत झालेले, कुठं रांजणासारखे खोल, कुठं ओसरीसारखे सपाट, आणि मधनं हिरवंगार पाणी. कोल्हापूरकडं दगड काळा. असला रंगीत दगड आक्कानं जन्मात बघितला नव्हता. ती एका सपाट दगडावर हात फिरवत राहिली.

"दगड हाय, पाणी हाय. बघितलं," गणपतराव काठावरनंच म्हणाले. "आता चार घास खावा आणि चला. उजेड हाय तोवर मांडवी गाठायची."

दगडावर बसून भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. सम्राटाचं ताट क्रांतीनं गाडीत नेऊन दिलं. आक्का उठून गाडीकडं गेली, शाल काढून वळकटीवर टाकली, आडवं व्हावं म्हणून वाकली आणि तिला वाटलं, परत कधी येणार आपण हितं? एकदा पाय बुडवून येऊ. पलीकडच्या दारानं ती उतरली आणि गुपचूप खाली गेली. सांगितलं असतं तर 'उशीर हुतोय' ऐकावं लागलं असतं, म्हणून सांगितलं नाही.

क्रांतीनं उरलेल्या भाकऱ्या डब्यात घातल्या. मागची डिक्की उघडून डबा ठेवला. झाकण नीट बसेना, म्हणून वरनं हातानं थापटलं. तिच्याही हातात बांगड्या. टण्, टण्.

पुढं बसलेल्या गणपतरावांचा पाय क्लचवर गेला. त्यात त्यांचं डोकं नव्हतंच, पायच होते नुसते. क्रांती डिक्की आपटून धावत येऊन बसली, दार लागलं न लागलं तोच गाडी हलली. मागं बघितलं तर वळकटीवर शाल, म्हणजे आत्या झोपल्या. सम्राट गोळी घेऊन पेंगत होता. आणि गणपतराव मागं बघतच नव्हते. बेल पडली होती. मागचं मागच्यानं बघायचं.

कच्चा रस्ता संपला, डांबरी लागला. गणपतरावांना तरतरी आली. गाडी काय पळत होती! एका गावाच्या तोंडाशी न दिसणारा गतिरोधक होता. गाडी दणकन उडाली. सम्राट कळवळला, क्रांतीचं डोकं वर आपटलं. गणपतराव सवयीनं मागच्या आवाजाची वाट बघत राहिले. 'हळू वो' आलं नाही.

त्यांनी जरा पुढं जाऊन मुद्दाम एक खड्डा घेतला. तरी आलं नाही.

"क्रांती," ते म्हणाले, "मागं बघ गं जरा."

क्रांतीनं वळून हाक मारली. दोनदा मारली. मग सम्राटनं पाय सांभाळत हात लांब करून शाल ओढली. खाली वळकटी. त्यानं आईला फोन लावला, तर तो तिथंच, वळकटीच्या मागं पिशवीत वाजला.

 गणपतरावांनी गाडी अशी वळवली की मागचा ट्रकवाला शिव्या घालत गेला.  तो दगड गुळगुळीत आहे. तिच्या चपलेचा तळ झिजलाय. ते पाणी किती खोल आहे कुणाला ठाऊक. ऊन उतरायला लागलंय. आणि तिला इथली भाषा येत नाही, हातात पैसा नाही, फोन नाही. ज्या रस्त्याला मघाशी गाडी पळत होती तोच रस्ता आता संपेना. "आरं देवा जोतिबा," ते पुटपुटत होते, "आरं देवा."

कच्च्या रस्त्याच्या फाट्यावर एक मोटरसायकलवाला भेटला. गणपतरावांनी काच खाली करून तोडक्यामोडक्या हिंदीत विचारलं, इधर एक बाई देखी क्या, म्हातारी नहीं, पण वयस्क, मराठी. तो भला माणूस होता. थांबला आणि म्हणाला, साडी कौन से रंग की?

 चालवलेल्या एकूण एक गाडीचा नंबर गणपतरावांना पाठ होता. सकाळपासनं ती मागं बसली होती, दगडावर शेजारी बसून जेवली होती, आणि साडीचा रंग काही केल्या डोळ्यांपुढं येईना.

"मोरपंखी," क्रांती म्हणाली. मग तिला राहवलं नाही. "सकाळी तुम्हालाच विचारलं होतं त्यांनी, ही नेसू का म्हणून. तुम्ही म्हणालासा, कुठलीबी नेस, गाडी सुटायची वेळ झाली."

मोटरसायकलवाल्यानं बाई बघितली नव्हती. गणपतराव पुढं निघाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायला स्टिअरिंगवरचा हात काढायची त्यांची छाती होत नव्हती.

घळीच्या काठावर गाडी थांबली तशी ते दार उघडं टाकून पळाले. दगडावर कुणी नाही. पाणी निपचित. पाण्याकडं बघायला त्यांना धीर होईना. हाक मारायची तर काय मारायची? गल्लीसारखं आक्का म्हणायचं? त्यांच्या तोंडातनं आलं तेच आलं, जे आजवर येत होतं.

"ऐकलंस काऽऽऽ!"

घळीनं ते उचललं आणि दगडा-दगडावरनं परत पाठवलं. ऐकलंस का, ऐकलंस का, ऐकलंस का.

"ऐकलंऽ!" पलीकडनं आवाज आला. "ओरडू नगासा, शेरडं बुजत्यात!"

पाण्याच्या पल्याड, रंगीत ओसरीवर आक्का बसली होती. शेजारी काळ्या कपड्यांतली एक शेळीवाली बाई, चार-दोन शेळ्या, आणि मध्ये तीन दगडांवर चहाची किटली. दोघींना एकमेकींची भाषा अवाक्षर येत नव्हती आणि तरी गप्पा रंगात आल्या होत्या. आक्काच्या मांडीवर एक करडू झोपलं होतं.

गणपतराव दगडांवरनं धडपडत, गुडघाभर पाण्यातनं पॅन्ट भिजवत पलीकडं गेले आणि तिच्यासमोर मटकन बसले. 

"लवकर आलासा," आक्का म्हणाली. "अजून चहा उकळायचा हाय."

"अगं, काय ही चेष्टा! मी, मला वाटलं..."

"घाबरलासा?"

"व्हय."

"लई?"

"लई गं."

"बरं झालं," आक्का म्हणाली. मग करडाच्या कानामागं खाजवत राहिली. "मला न्हाय भ्या वाटलं. गाडी परत येती, ते मला ठावं हाय. रोजच येत हुती. पण परत आली की लगीच जायाची, तेबी ठावं हाय. घरात तुमी आलासा तरी तुमचा एक पाय पायरीवरच. मी आपली बेल देत बसलो जलमभर."

 शेळीवालीनं गणपतरावांपुढं बशी सरकवली.

"मला समुद्र बघायचाय," आक्का म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण असा तो आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. "पुलावरनं न्हवं. चालत्या गाडीतनं न्हवं. बसून. आन् तुमीबी माझ्या शेजारी बसायचं. मी बेल देईन तवा निघायचं, तवर हलायचं न्हाय. जमत असंल तर गाडीत येतो. न्हायतर सम्राटाला म्हणावं, आक्काला रेल्वेत बसवून दे, ती आपली ती घरला जाईल. आन् घरला आल्यावर तुमी खुशाल स्टँडावर ऱ्हावा. मी परत बसा म्हणून म्हणणार न्हाय."

ती खरंच म्हणणार नाही, हे गणपतरावांना लख्ख कळलं. नदी कळली तेव्हा नाही का, 'व्हय का'च्या पुढं एक अक्षर बोलली नव्हती.

"जोतिबाच्यान," ते म्हणाले. "बसतो."

"घड्याळ द्या."

त्यांनी मनगटावरनं काढून दिलं. तिनं ते पदराच्या टोकाला बांधलं, गाठ घट्ट मारली, आणि मग चहा ओतला. तो चहा गणपतरावांनी शेवटपर्यंत प्यायला. जीभ भाजेल म्हणून फुंकर मारून प्यायला.

दुसऱ्या दिवशी मांडवी. ही खरी मांडवी, समुद्राची. पवनचक्क्या फिरत होत्या, घंटा वाजवत उंट चालले होते, आणि पुढं पाणीच पाणी. आक्का थबकली. डोळे बारीक करून तिनं पूल आहे का बघितलं. नव्हता. मग चपला हातात घेऊन सरळ पाण्याच्या कडेला जाऊन वाळूत फतकल मारून बसली. डबा शेजारी ठेवला. गणपतराव बसले. सम्राट लंगडत, क्रांतीच्या खांद्याला धरून मागं नारळवाल्याकडं गेला. दोघांना मुद्दाम एकटं सोडलं, पोरं शहाणी होती.

बसले खरे, पण बसणं सोपं का असतं? एक लाट आली. दुसरी आली. गणपतरावांनी मांडी बदलली. मनगट बघितलं, तिथं घड्याळ नव्हतं. वाळू उकरली, बुजवली. एका उंटवाल्याला "कडंनं घे, कडंनं" म्हणून हात केला. उजवा पाय आपोआप दाबत होता, सुटत होता, आणि थोड्या वेळानं त्या टाचेखाली चांगला खड्डा पडला आणि त्यात पाणी साचलं.  आक्का समुद्राकडं बघत होती. लाट पायाशी आली की "आली, आली" म्हणायची.

"मोठा हाय, न्हवं?" गणपतराव म्हणाले.

"मोठा हाय." मग आक्का म्हणाली, "अकरा वर्सं तुमी रोज बघितला. मला एकदा दाखवायला काय झालं हुतं वो?"

आता समुद्राकडं बघत गणपतराव गप्प बसले असते तर चाललं असतं. पण घळीतली भीती अजून उतरली नव्हती.

"मीबी पहिल्यांदाच बघतोय," ते म्हणाले.

आक्कानं मान वळवली. "काय?"

"समुद्र. असा. आज पहिल्यांदाच." त्यांनी खाली बघून वाळूचा गोळा केला. "स्टँडावर गाडी लावायची, रेस्टरूमात आडवं पडायचं, परतीची गाडी काढायची. बाळासो म्हणायचा, चल गणपा, जवळच हाय, पाय बुडवून येऊ. मी म्हणायचो, उशीर हुईल. त्यो एकटा जायाचा. तुला पुलावरनं दाखवला तवा मलाबी त्येवढाच ठावं हुता."

आक्का त्यांच्याकडं बघत राहिली. तिला हसू आलं आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. इतकी वर्षं तिला वाटत होतं, ह्यानं समुद्र आपल्यापासनं राखून ठेवला. ह्या येड्यानं तर स्वतःलाही दिला नव्हता.

"अरं माझ्या कर्मा," ती म्हणाली.

गणपतरावांना ओशाळल्यागत झालं. इतकं बोलायची सवय नव्हती. ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "गाडी उन्हात हाय, जरा सावलीला लावून येतो..."

टण्.

पाटली झाकणावर एकदाच वाजली.

गणपतराव उभे होते तिथंच थांबले. दुसऱ्या टोल्याची वाट बघत तसेच वाकून उभे राहिले. आक्कानं हात झाकणावरनं काढून मांडीवर ठेवला. मग ते हळूच खाली बसले, ह्या खेपेला जरा जवळ. लाट आली, दोघांचे पाय भिजवून गेली, आणि टाचेखालचा तो खड्डा भरून गेली.

ऊन कलंडलं. मागनं क्रांतीनं हाक मारली, "मामा, निघायचं का? उशीर होतोय!"

गणपतरावांनी मागं वळून बघितलं नाही. आक्काची कालचीच मोरपंखी साडी वाऱ्यावर उडत होती, ती त्यांनी टोक धरून तिच्या पायावर सारखी केली.

"थांबा," ते ओरडले. "बेल पडली न्हाय अजून."